बोटाचं माप तुमच्या पत्रातच आहे

प्रश्न:

ताई, नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातला. इचलकरंजीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर आहे. येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला पंधरा वर्षं होतील, घरात मुलगी आहे, पोरं आहेत. 2019च्या महापुरात घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर पडलेली भिंत, बायकोचं शिलाई मशीन, सगळंच परत उभं करायचं होतं. तेव्हा तिची साखरपुड्याची अंगठी मोडली. मी तोंडातून शब्द काढला नव्हता. तीच मोरीत गेली, साबण लावून अंगठी काढली आणि माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून तिने बोटात काही घातलं नाही आणि तो विषयही कधी काढला नाही.

मी थोडे थोडे करून पैसे साठवलेत. तिला न सांगता अंगठी करायची आहे, पण माप कुठून आणू? जुन्या पावतीवर 12 नंबर लिहिलाय, मित्र म्हणतो तोच सांग. मेहुणीची अंगठी 13ची आहे आणि दोघी बहिणी सारख्याच अंगाच्या. मागच्या आठवड्यात ही झोपल्यावर शिलाईचा दोरा तिच्या बोटाला गुंडाळला. ती जागी झाली, मी डास होता म्हणून सांगितलं. दोरा पट्टीवर 56 मिलिमीटर भरला. दिवसभर हातात व्हर्निअर, बारीक मापाचं साधन, असतो, पॉइंट झिरो टूचा फरक पकडतो, आणि घरातलं हे एक माप निघेना. अल्बममध्ये जुन्या अंगठीचा फोटो आहे, उठावाचं फूल आणि मध्ये लाल खडा. तशीच करू का? आणि माप चुकलं तर तिला वाईट वाटेल का?

उत्तर:

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा साबणाच्या वाक्यापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुम्ही शोधताय त्यातलं निम्मं तिथेच आहे. सांगलीत एका सराफ पेढीच्या काउंटरवर मी बावीस वर्षं काढली. किती बोटांत अंगठ्या घातल्या आणि काढल्या त्याची मोजदाद नाही. मापात बसलेली अंगठी काढायला साबण लागत नाही. सांध्यापाशी ती जरा अडते, थोडी फिरवली की सुटते. साबण लागला याचा अर्थ 2019 सालीच ती 12 नंबरची अंगठी तिला घट्ट होत होती. किती दिवसांपासून, ते तिलाच ठाऊक. बाळंतपणात बोटं सुजतात, मग उतरतात, पण सगळ्यांचीच पुन्हा पहिल्या मापावर येतात असं नाही. रोज कात्री चालवणाऱ्या हाताचे सांधे वयाबरोबर थोडे भरतातही. लोकांच्या ब्लाउजची शिवण उसवून सैल करून देणारी ही बाई स्वतःच्या बोटातली घट्ट अंगठी काही न बोलता वागवत राहिली, आणि वेळ आली तेव्हा साबण लावून तुमच्या हातात ठेवली. हे मला आधी सांगायचं होतं. नंबर त्यानंतर.

आपल्याकडच्या सराफाच्या नंबराचं गणित तुम्हाला एका दमात कळेल. अंगठीचा आतला परीघ मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्यातून 40 वजा करा, की साधारण नंबर निघतो. 12 नंबर म्हणजे आतला परीघ 52 मिलिमीटर, म्हणजे आतला व्यास साडेसोळाच्या किंचित वर. एक नंबर वाढला की परीघ एका मिलिमीटरने वाढतो आणि व्यास जेमतेम पॉइंट बत्तीसने. तुमच्या कामात पॉइंट बत्तीस म्हणजे जॉब रिजेक्ट. बोटाचंही तसंच आहे. एका नंबरात अंगठी सैल होते, दोन नंबरांत भांडी घासताना गळून पडते.

या हिशेबाने तुमचा दोरा 16 नंबर सांगतो. तो आकडा खरा मानू नका, पण टाकूनही देऊ नका. झोपलेल्या माणसाच्या बोटाला दोरा बांधताना आपण तो आवळत नाही, ती जागी होईल ही धास्ती असते. तिथे एक-दोन मिलिमीटर सहज जास्त येतात. शिवणाचा दोरा पट्टीवर ताणून धरला की तो आणखी थोडा लांबतो. हे झालं जास्तीच्या बाजूचं. कमीच्या बाजूचंही आहे. तुम्ही दोरा बहुतेक बोटाच्या मुळाशी गुंडाळला असणार, कारण झोपलेल्या हाताचं तेवढंच हाती लागतं. पण अंगठी मुळाशी राहत असली तरी तिथे जाते मधल्या सांध्यावरून. तुमच्या भाषेत सांगायचं तर हा सरळ शाफ्ट नाही, मध्ये कॉलर, म्हणजे जाड कडं, असलेला शाफ्ट आहे. बुश कॉलरवरून गेला पाहिजे आणि पलीकडे जाऊन हलता कामा नये. कोणाचा सांधा बारीक असतो, कोणाचा चांगला जाड. दोऱ्याने मुळाचं माप कळलं, सांध्याचं कळलंच नाही. म्हणून डासाचा प्रयोग पुन्हा करू नका. पुढच्या वेळी डास म्हणून भागणार नाही.

मेहुणीची अंगठी विसरा. बहिणी सारख्या अंगाच्या असल्या तर एकीचा ब्लाउज दुसरीला होतो, अंगठी होईलच असं नाही. जुळ्या बहिणी काउंटरवर आलेल्या मी पाहिल्यात, दोघींच्या बोटांत दीड नंबराचा फरक होता. मित्र 12 म्हणतो तो पावती वाचून म्हणतो, त्याला साबण माहीत नाही.

माझा अंदाज 14 किंवा 15. पण या अंदाजावर सोनं घालू नका.

माप चुकलं तर तिला वाईट वाटेल का, हे तुम्ही विचारलंय. ते कोणत्या बाजूला चुकतं त्यावर आहे. अंगठी सैल झाली तर माणसं हसतात. आमच्याकडे आजीच्या काळापासून सैल अंगठीला मागच्या बाजूने दोरा गुंडाळतात, आणि तुमच्या घरी दोऱ्यांना तोटा नाही. घट्ट झाली तर मात्र गोष्ट वेगळी. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ आले होते. त्यांना बायकोसाठी अंगठी हवी होती आणि माप नव्हतं. बाई कशा आहेत विचारलं, म्हणाले नाजूक. मी अंदाजाने 11 दिली. घरात वाढदिवसाला चार माणसं जमलेली असताना त्यांनी ती घालायला घेतली आणि ती सांध्याच्या पुढे जाईना. महिन्याभराने त्या बाई एकट्याच दुकानात आल्या. अंगठी रुमालात बांधून आणली होती. मला हळूच म्हणाल्या, "माझीच बोटं जाडी झालीत हो, यांची काही चूक नाही." चूक माझी होती. त्या दिवसापासून मी कुणालाही अंदाजाने लहान माप दिलं नाही. तुमच्या बायकोने एकदा अंगठी साबण लावून काढली आहे. नवी अंगठी तिच्या सांध्याशी अडली तर तिला तोच दिवस आठवेल. म्हणून शंका असेल तेव्हा मोठ्या बाजूला झुका. आणि शंकाच राहू नये यासाठी आता सांगते ते करा.

तुम्ही टर्नर आहात. वर्कशॉपमधले लोक घरी मुलांसाठी काय काय करून नेतात, ते मी माझ्या मामाकडे पाहिलंय. त्याने आम्हा भावंडांना पितळेचे भोवरे करून दिले होते, माझा अजून कपाटात आहे. फोरमनला विचारा आणि भंगारातल्या पितळी बुशच्या एखाद्या तुकड्यातून पाच अंगठ्या काढा. आतला व्यास असा ठेवा: 13साठी 16.87, 14साठी 17.19, 15साठी 17.51, 16साठी 17.83 आणि 17साठी 18.14 मिलिमीटर. 12 करू नका, तो प्रश्न 2019 साली मिटलाय. जाडी दीड मिलिमीटर पुरे. रुंदी मात्र जी सोन्याची अंगठी करणार आहात तेवढीच ठेवा, समजा चार मिलिमीटर, कारण रुंद अंगठी त्याच मापाला जास्त घट्ट बसते. सहा-सात मिलिमीटरचा पट्टा असेल तर आम्ही काउंटरवर अर्धा ते एक नंबर वाढवूनच देत असू. आतल्या दोन्ही कडांना चॅम्फर मारा, म्हणजे धार तिरकी मोडा, बर्र, म्हणजे धातूची कूस, राहू देऊ नका, बारीक एमरीने आतून फिरवून घ्या. कड बोचली की माणूस अंगठी अर्ध्यातच काढतो आणि मग माप चुकीचं कळतं. नंबर कोरू नका. कोणती कोणती हे तुम्हाला कळावं म्हणून बाहेरून बारीक खाचा मारल्या तर चालेल, एकीला एक, दुसरीला दोन.

मग एखाद्या रविवारी दुपारी त्या मूठभर अंगठ्या पोरांच्या पुढ्यात टाका. "कंपनीत केल्या, बघा कुणाला कुठली होते." यात खोटं काही नाही, तुम्ही केल्यातच. पोरं बोटांत घालतील, अंगठ्यात घालतील, भांडतील. तुमची बायको मशीनवरून मान वर करून बघेल आणि पाच मिनिटांत तीही एक उचलेल. घरात कुणीतरी काहीतरी बोटात घालून बघत असताना न घालणारी बाई मी पाहिलेली नाही. तुम्ही फक्त तुमचा भोक तपासायचा प्लग गेज डोळ्यांसमोर ठेवा, गो म्हणजे पास आणि नो-गो म्हणजे नापास. जी अंगठी सांध्याच्या वर जातच नाही ती नो-गो. जी हात झटकला की सुटते तीही नो-गो. जी जाताना सांध्यापाशी किंचित अडते, थोडी वळवली की पलीकडे जाते, मुळाशी गेल्यावर अंगठ्याने सहज फिरते, आणि काढताना जाताना लागला त्यापेक्षा थोडा जास्त जोर मागते, ती तिची. काउंटरवर आम्ही मापाच्या अंगठ्यांचा जुडगा घेऊन नेमकं हेच करायचो. जुडगा खुळखुळला की बायका आपोआप हात पुढे करायच्या. आम्ही अंगठी घालताना पाहायचो नाही, काढताना पाहायचो. काढताना सांध्यावरची कातडी गोळा होऊन वर आली तर एक नंबर वाढवायचा.

तिने अनामिकेत घातली का, तेवढं बघा. मधल्या बोटात घातली तर "जरा शेजारच्या बोटात होते का बघ" एवढं म्हणायला हरकत नाही, खेळच आहे. आणि हात कोणता तेही. ज्या हाताने माणूस काम करतो त्याची बोटं बहुधा थोडी जाड असतात, अर्ध्या नंबराचा फरक नेहमीचा. जुनी अंगठी कोणत्या हातात होती ते अल्बममध्ये पाहा. अल्बम सांगते आहे, मोबाइलमधली सेल्फी नको, काही फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी येते आणि डावा हात उजवा दिसतो. तिचं काम कात्रीचं आहे. उजव्या हाताची असेल तर अंगठी डाव्या हातातच बरी, कात्रीच्या कडीत अंगठीचं बोट रुतत राहतं.

हे केव्हा करायचं तेही महत्त्वाचं आहे. धुणं धुतल्यावर लगेच नको, गार पाण्याने बोटं आकसतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात भर दुपारी नको, तेव्हा फुगतात. सकाळी उठल्या उठल्याही नको. जेवणं झाली आहेत, घरात सावली आहे, हात कोरडे आहेत, अशी वेळ धरा. तुम्ही देणार डिसेंबरात. पहाटेच्या थंडीत तीच अंगठी अर्धा नंबर सैल वाटेल, तेव्हा घाबरून जाऊ नका. जमलं तर दोन वेगवेगळ्या दिवशी बघायला मिळू दे. पितळी अंगठ्या आठवडाभर घरात लोळत राहिल्या की तसंही मिळेल. एखादी दोन दिवस बोटात राहिली आणि कातडीवर हिरवट वळ उठला तर तो पितळेतल्या तांब्याचा असतो, धुतला की जातो. आणि पोरांना एवढं बजावा की अंगठी अडली तर जोर करायचा नाही, तेलाचं बोट फिरवायचं आणि मग गोल गोल वळवत काढायची.

आता फोटोतल्या फुलाचं बोलू. तशीच करावी असं तुम्हाला वाटणं मला समजतं. गेलेली वस्तू होती तशीच परत आणून द्यावी, यात जीव असतो. पण ती अंगठी घेतली तेव्हा ती नवी नवरी होती. आज ती दिवसभर लोकांच्या कपड्यांत हात घालते. उठावाच्या फुलाच्या पाकळ्या काठापदराच्या साडीत अडकतात, रेशमाचा धागा ओढतात. गिऱ्हाइकाच्या पैठणीला एकदा ओढ बसली की ती अंगठी काढून डब्यात ठेवेल, आणि डब्यात ठेवायला तुम्ही ती करत नाही. म्हणून सोनाराला फोटो दाखवा जरूर, पण म्हणा, फूल उठावाचं नको, पट्टीवर कोरून काढा. लाल खडा तोच ठेवा, पण तो पट्टीच्या पातळीत बसवा, भोवती सोन्याची कड ओढून, वर आलेल्या पाकळ्या न ठेवता. कापडावरून हात फिरवला तर काही लागता कामा नये. दुकानात शर्टाच्या बाहीवरून घासून बघा, आम्ही नायलॉनच्या ओढणीवरून घासून दाखवायचो. तिला फूल दिसेल आणि ती अंगठी काम करतानाही घालेल.

वजनाचं मात्र स्पष्ट बोलते. 2019च्या त्या ऑगस्टमध्ये दहा ग्रॅमचा भाव चाळीस हजारांच्या खाली-वर होता. आता तो लाखाच्या कितीतरी पुढे आहे. जुन्या वजनाची अंगठी परत आणायचा हट्ट धरलात तर डिसेंबर निघून जाईल. पण पैसे वाचवायला पोकळ किंवा पत्र्यासारखी पातळ अंगठी घेऊ नका. ती रोजच्या वापरात चेपते, आणि माप बदलायची वेळ आली तर कारागीर तिला हात लावत नाही. वरची नक्षी साधी ठेवा, घडणावळ कमी करा, सोनं भरीव घ्या. दोन-अडीच ग्रॅमची भरीव अंगठी चार ग्रॅमच्या दिखाऊ अंगठीपेक्षा जास्त वर्षं बोटात राहते.

अंगठी अशी निवडा की माप थोडं इकडेतिकडे झालं तरी दुरुस्त होईल. खालची बाजू, तळव्याकडची, पूर्ण साधी हवी. माप वाढवताना कारागीर तिथे कापतो आणि सोन्याचा छोटा तुकडा घालून जोड देतो. कमी करताना तिथूनच तुकडा काढतो. अर्ध्या नंबराने वाढवायची असेल तर कापावीही लागत नाही, निमुळत्या लोखंडी दांड्यावर चढवून ठोकून वाढते. एक-दोन नंबरांपर्यंत हे सुखाने होतं, त्यापुढे गोलाई बिघडते आणि खड्याच्या बसणीवर ताण येतो. सगळीकडून खडे लावलेली किंवा गोल फिरून पूर्ण नक्षी असलेली अंगठी मात्र अशी दुरुस्त होत नाही. तिथे माप चुकलं म्हणजे मोडून नवी करणं आलं आणि घडणावळ पाण्यात गेली. नावं किंवा तारीख आत कोरायची इच्छा असेल तर तिने घालून बघेपर्यंत थांबा. कोरलेल्या तारखेवरून करवत फिरवताना मी पाहिलंय, परत कोरतात, पण जोडाची रेघ जाणत्याला दिसतेच.

कोल्हापूरला गुजरीत, सराफ बाजारात, जाणार असाल तर शनिवार-रविवार सोडून जा, कारागिराला बोलायला वेळ असतो. नंबर तोंडी सांगू नका, पितळेची अंगठी पुढे ठेवा. तो ती मापाच्या दांड्यावर घालून बघेल. एका पेढीचा 14 दुसऱ्या पेढीच्या दांड्यावर अर्धी रेघ खाली-वर बसलेला मी कितीदा पाहिलाय, आणि तुमची पितळी अंगठी कुठल्याही दांड्यापेक्षा खरी आहे, कारण ती तिच्या बोटाने पास केलेली आहे. बिलावर लिहून घ्या की माप एकदा बदलून मिळेल आणि त्यासाठी फक्त वाढलेल्या सोन्याचे पैसे लागतील. तोंडी "ताई, करून देऊ की" ही पद्धत मी स्वतः वर्षानुवर्षं वापरली आहे. काउंटरवरचा माणूस बदलला की शब्दही त्याच्याबरोबर जातो. आत हॉलमार्क बघा: त्रिकोणात बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण, 22 कॅरेटसाठी 916, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023पासून तो सक्तीचा आहे. मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिना कुठे तपासला, किती शुद्धतेचा आहे, ते समोर येतं. हे दुकानातच करा, कुणाला राग येत नाही. माप बदलायची वेळ आली तर कारागिराला सांगा की खुणा आहेत ती जागा सोडून काप.

समजा पितळेचा खेळ जमला नाही. ती त्या दिवशी मशीनवरून उठलीच नाही, किंवा पोरांनीच अंगठ्या हरवल्या. मग दुसरी वाट आहे. तिचं मंगळसूत्र ओवून घ्यायचं निमित्त बहुतेक घरांत असतंच, दोरा जुना झाला की घ्यावंच लागतं. तिला घेऊन पेढीवर जा, पण आदल्या दिवशी फोन करून काउंटरवरच्या बाईंना सांगून ठेवा. बाईंनाच सांगा, मालकाला नको, मालक उत्साहाने बोलून बसतात. मंगळसूत्र ओवायला जो वेळ लागतो त्यात बाई चहा मागवतील, दोन अंगठ्या ट्रेमध्ये काढतील आणि म्हणतील, "बघा तरी घालून, घालायला काय पैसे पडतात?" आम्ही असा निरोप आला की नंबर बिलाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवायचो आणि नवऱ्याकडे बघायचोसुद्धा नाही. यात एक धोका आहे आणि तो मला तुमच्यापासून लपवायचा नाही. सात वर्षं ज्या बाईने तो विषय काढला नाही, तिच्या पुढ्यात अंगठ्यांचा ट्रे आला आणि ती तुमच्या खिशाचा विचार करून हात मागे घेऊन बसली, तर तिला तिथे अवघड होईल. तुम्ही तिला ओळखता, मी नाही. मला विचाराल तर पितळेची वाट शंभरपट चांगली.

मुलीला कटात घ्यायचा मोह होईल. आठ दिवसांसाठी घ्या, आठ महिन्यांसाठी नको. मोठी मुलगी गुपित ठेवते, पण आईकडे बघून हसत सुटते.

आणखी एक तयारी ठेवा. तिचा सांधा जाड आणि बोटाचं मूळ बारीक असेल, तर सांध्यावरून जाणारी अंगठी मुळाशी फिरत राहील आणि खडा सारखा तळव्याकडे जाईल. पितळी अंगठी घातल्यावर हे लगेच कळतं, तुमच्या खाचा खाली वळलेल्या दिसतील. तसं असेल तर कारागिराला सांगा की आतून खालच्या बाजूला सोन्याचे दोन बारीक मणी लावून दे. ते बोटाच्या खालच्या मऊ भागावर टेकतात आणि मुळाशी अंगठीला धरून ठेवतात. लाल खडा सरळ वर राहतो.

तिने एखादी पितळी अंगठी बोटातच ठेवली, रात्री मशीन झाकतानाही काढली नाही, तर ती परत मागू नका. आतला व्यास तुमच्याकडे आहेच. दुसऱ्या दिवशी तशीच आणखी एक काढा आणि ती खिशात घालून गुजरीत जा.